गंगावेशीपर्यंतची चारशे पावलं

डिसेंबरात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले होते. जेवणं झाल्यावर हॉलमध्ये खुर्च्यांचा गोल पडला आणि विषय निघायचा तोच निघाला, आईबाप इथं, पोरं परदेशात, म्हातारपणी पाण्याचा तांब्या द्यायला कोण नाही. एक काका म्हणाले, संस्कार कमी पडले. एक मावशी म्हणाल्या, आता वृद्धाश्रमातसुद्धा नंबर लावावा लागतोय. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी अकरा वर्षं सिंगापूरला असते, एकुलती एक आहे, आई जाऊन सहा वर्षं झाली आणि आप्पा, वय 78, उत्तरेश्वर पेठेतल्या घरात एकटे राहतात. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. त्यातलं काही खरंही आहे, रात्री दोनला आप्पांना ताप भरला तर मी फोनवर असते, तिथं नसते, आणि त्याचं मला वाईट वाटतंच.

पण त्याच गोलात मोठ्या काकी बसल्या होत्या. दोन मुलगे, सुना, चार नातवंडं, सगळे एका घरात, आणि सुना खरंच जीव लावणाऱ्या आहेत. मी सहज विचारलं, काकी, अंबाबाईला कधी जाऊन आलात? म्हणाल्या, "झालं की गं दीड वरीस." देऊळ त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. गुडघे दुखतात, फूटपाथवर चढता येत नाही, खालून चालायचं तर गाड्या अंगावर येतात, वाटेत लघवीला लागली तर जायचं कुठं, आणि पोरांना सारखं म्हणायचं तरी किती की मला घेऊन चला. म्हणून त्या जातच नाहीत. पोरं घरात असूनही म्हातारी घरातच अडकलेली. मग हे परदेशाचं आणि संस्कारांचं गणित कुठं बसतंय?

लग्नानंतर दोन दिवसांनी मी आप्पांबरोबर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायला चालत निघाले. कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते, तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून दूध ग्लासात देतात, आणि दुधापेक्षा माणसं तिथं जमतात ती बोलायला. आप्पा चाळीस वर्षं रोज तिथं जायचे. दोन वर्षांपूर्वी एका चौकात फूटपाथवरून उतरताना पडले, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून बंद. घरच्यांनी, मीसुद्धा, हेच म्हटलं, या वयात बाहेर कशाला जायचं, दूध घरी येतंय की. आज ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो. आप्पा काय दुधासाठी जात होते?

तर आम्ही चाललो. घरापासून कट्टा साधारण चारशे पावलं, माझी, आप्पांची जास्त भरतील. मी मुद्दाम त्यांच्या मागून चालत मोजत होते. या चारशे पावलांत आप्पांना नऊ वेळा फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं. एकदा मोटरसायकली लावलेल्या, एकदा डीपीचा बॉक्स मधोमध, एका दुकानदारानं पायऱ्या पुढं काढलेल्या, दोन ठिकाणी चेंबरचं झाकण वर आलेलं, आणि एका जागी फूटपाथ नुसता संपला, पुढं काहीच नाही. दरवेळी उतरताना ते आधी हात कुठं टेकवायचा ते बघायचे, कुणाच्या गाडीच्या सीटवर हात ठेवायचे, मग एक पाय खाली, थांबायचे, मग दुसरा. परत चढताना तसंच उलटं. एक पोरगं मागून हॉर्न वाजवत आलं, "मामा, सरका की," आणि त्याचंही काय चुकलं म्हणू, त्याच्या दृष्टीनं हे गृहस्थ रस्त्याच्या मधून चालत होते. चौक आल्यावर आप्पा उभे राहिले ते उभेच. गाड्या थांबायच्या नाहीत, तुटकतुटक फट मिळायची ती माझ्यासारखीला पुरेल, त्यांना नाही. चारपाच मिनिटं थांबून ते म्हणाले, "चल बाळ, जाऊया परत. बघितला की इथनं." पलीकडं कट्टा दिसत होता. त्यांचे दोन दोस्त बसलेलेही दिसत होते.

आता सिंगापूरचं सांगते, आणि लगेच सांगते की सिंगापूर म्हणजे स्वर्ग असं मला म्हणायचं नाही. मी राहते त्या सरकारी वसाहतीत खालच्या मजल्यावर 82 वर्षांच्या एक चिनी आंटी आहेत, त्याही एकट्या. त्यांना रस्ता ओलांडायचा असला की त्या खांबावरच्या मशीनला आपलं ज्येष्ठांचं कार्ड लावतात आणि हिरवा माणूस तीन ते तेरा सेकंद जास्त थांबतो, रस्ता केवढा आहे त्याप्रमाणं. 2009 पासून ही सोय आहे आणि आज हजारावर क्रॉसिंगला आहे. जिथं म्हातारी माणसं जास्त राहतात असे भाग निवडून 2014 पासून तिथं रस्तेच बदलायला घेतले, वेगमर्यादा कमी केली, रस्त्याला मुद्दाम वळणं दिली, मधे थांबायला जागा केली म्हणजे अर्धा रस्ता ओलांडून दम खाता येतो. जुन्या इमारतींत लिफ्ट ठराविक मजल्यांवरच थांबायची, मधल्या मजल्यावरच्यांना जिने चढउतार करावे लागायचे, तर 2001 पासून कार्यक्रम घेऊन शक्य तिथं प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबेल अशी सोय करत गेले. आंटींच्या बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत आणि फरशी घसरू नये म्हणून त्यावर प्रक्रिया केलीय, खर्चाचा मोठा भाग सरकारनं दिला. यात कुठंही मोठं विज्ञान नाही. दांडा, उतार, चार सेकंद.

आणि आंटींना बस फुकट नाही हे मुद्दाम सांगते. सवलत आहे, पण तिकीट आहे. आपल्याकडं उलटं आहे, ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी पूर्ण फुकट, महाराष्ट्रात कुठंही. मला त्या निर्णयाबद्दल मनापासून आदर आहे, गावाकडच्या कितीतरी आज्या त्यामुळं लेकीकडं जायला लागल्या. पण आप्पांना एसटीची पहिली पायरी चढता येत नाही, ती त्यांच्या गुडघ्यापर्यंत येते. गेल्या वर्षी गारगोटीला जायचं होतं तेव्हा एकानं आतून ओढलं, एकानं खालून ढकललं, तसे चढले, आणि परत येताना रिक्षा करून आले कारण त्यांना लाज वाटली. इथं सिंगापूरला बस स्टॉपला टेकून खाली झुकते, आणि व्हीलचेअर असली तर ड्रायव्हर स्वतः उठून रॅम्प टाकतो, आणि मागचे लोक थांबतात. आपण तिकिटाचे पैसे माफ केले, पायरी तशीच ठेवली.

कायदा बघितला तरी तेच जाणवतं. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पोरांनी सांभाळलं नाही तर महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, जिल्ह्यात वृद्धाश्रम असावेत असंही त्यात आहे. चांगलाच आहे, ज्यांना पोरांनी टाकलंय त्यांना तो आधार आहे. पण तो धरून चालतो की म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न म्हणजे पोरं. माझ्या आप्पांचं माझ्याकडं काही मागणं नाही, त्यांना पेन्शन आहे, त्यांचं मागणं त्या चौकाकडं आहे. अपंगांसाठीचा 2016 चा कायदा आहे, सुगम्य भारत अभियान 2015 साली सुरू झालं, पण आप्पा किंवा काकी स्वतःला अपंग कधीच म्हणणार नाहीत, आणि ते आहेतही कुठं, फूटपाथ नीट असता तर ते व्यवस्थित चालले असते. आणि फूटपाथ कसा असावा हेही आपल्याकडं लिहून ठेवलेलं आहे, रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं मार्गदर्शक आहे, उंची दीडशे मिलिमीटरच्या वर नको, चालायला मोकळी जागा कमीत कमी 1.8 मीटर. आमच्या वाटेवरचा फूटपाथ मी आप्पांच्या काठीनं मोजला आणि घरी येऊन काठीवर टेप लावली. एका ठिकाणी उंची 340 मिलिमीटर भरली.

कुणी म्हणेल सिंगापूरकडं पैसा आहे, एवढंसं शहर, शिस्तीची माणसं, आमच्या पेठा जुन्या, गल्ल्या अरुंद. पैसा आहे, मान्य. पण कोल्हापुरात रस्त्यांवर चर्चा काय कमी होते का? हद्दवाढीवर तर माझ्या जन्माआधीपासून भांडण चाललंय, 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून हद्द तशीच. उड्डाणपूल, रुंदीकरण, पार्किंग, यावर लोक तासन्‌तास बोलतात. ते सगळं गाडीत बसलेल्या माणसासाठी असतं. चालणाऱ्यासाठी कधी मोर्चा निघालेला मला आठवत नाही, आणि मोर्चा काढायला कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध आंदोलन झालं त्या वेळी सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं, आणि पुढं कोण होतं, तर ऐंशी पार केलेले शेतकरी कामगार पक्षाचे नेते एन. डी. पाटील सर. आप्पासुद्धा त्या मोर्च्यांत चालले होते, कडक उन्हात, दसरा चौकापर्यंत. टोल गेला. त्याच माणसाला आज एक चौक ओलांडता येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. आंटी सगळीकडं जाऊ शकतात, पण त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं. इमारतीखाली मोकळी जागा आहे, बाकं आहेत, टेबलं आहेत, त्या तासभर बसून परत वर जातात. मी दिवाळीला चकल्या दिल्या तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. फूड सेंटरवर सत्तरीची माणसं वाकून टेबलं पुसताना, ट्रे उचलताना रोज दिसतात, काही आवडीनं करत असतील, सगळे नाही, आणि मला ते दहा वर्षांनीही बघवत नाही. आमच्या पेठेत म्हातारा माणूस दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी तालमीचं, म्हणजे पेठेतल्या मंडळाचं, पोरगं दार वाजवतं, आप्पा, बरं हाय न्हवं? ही गोष्ट सिंगापूरला कितीही पैसे टाकून करता येणार नाही, आणि म्हणूनच आप्पांना इकडं घेऊन यायचा विषय मी सोडून दिला. दोनदा आणलं होतं. तीन आठवड्यांत त्यांचं बोलणंच कमी झालं.

निघायच्या आदल्या दिवशी मी तालमीत जाऊन बसले आणि पोरांना ते नऊ ठिकाणांचे फोटो दाखवले. एकाची आजी घरात बसून आहे, एकाचे वडील डायलिसिसवर आहेत, त्यामुळं फार समजवावं लागलं नाही. त्यांनी मोटरसायकली लावायची जागा बदलून घेतली, मेडिकलवाल्या दादांनी दाराशी एक खुर्ची कायमची ठेवली, आणि वॉर्डातल्या कामातून दोन जागी फूटपाथला उतार करून मिळाला. आता आप्पा रोज संध्याकाळी त्या खुर्चीपर्यंत जातात, तिथं पाच मिनिटं बसतात, मग चौकापर्यंत. पलीकडनं त्यांचा एक दोस्त, तो सत्तरीचा, अजून ओलांडू शकतो, तो ग्लास घेऊन इकडं येतो आणि दोघं मेडिकलच्या दारात उभं राहून दूध पितात. चौकात गतिरोधक आणि झेब्रा पट्टे पाहिजेत, मधे थांबायला जागा पाहिजे, असा अर्ज आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलाय, त्याच्यावर 64 सह्या आहेत. काल फोनवर विचारलं काय झालं, तर म्हणाले, "अजून न्हाई आलं उत्तर. उद्या परत जातोय विचारायला."