मर्ल ओबेरॉनचा फॉरवर्ड जरा तारखा लावून वाचूया

दर दोन-चार महिन्यांनी तो फॉरवर्ड कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतोच. काळापांढरा फोटो, रुंद कपाळ, किंचित तिरके डोळे. खाली मजकूर असतो, त्याचा सारांश असा: मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉनने हॉलिवूडमध्ये ‘वदरिंग हाइट्स’ या चित्रपटासाठी ऑस्कर पटकावलं आणि ती पहिली भारतीय ऑस्करविजेती ठरली. मोठ्या निर्मात्याशी लग्न केल्यामुळे तिला कामं मिळाली. मग मोटार अपघातात चेहरा विद्रूप झाला आणि कारकीर्द संपली. भारतीय असल्याची लाज वाटत असल्याने सख्ख्या आईला तिने मोलकरीण म्हणून घरात ठेवलं. शेवटी दोन हात जोडलेले आणि ‘शेअर करा’.

मुंबईतला जन्म खरा आहे, तेवढा आधी मान्य करून टाकतो. 19 फेब्रुवारी 1911, नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन. पुढचा मजकूर मात्र तपासायला हवा.

ऑस्करचं लगेच उरकू. मर्लला ऑस्कर मिळालं नाही, नामांकन मिळालं. तेही ‘वदरिंग हाइट्स’साठी नव्हे, तर 1935 च्या ‘द डार्क एंजल’साठी. त्या वर्षीचा पुरस्कार बेटी डेव्हिसने नेला. ‘वदरिंग हाइट्स’ला आठ नामांकनं होती, त्यांत नायक लॉरेन्स ऑलिव्हिए होता, सहायक अभिनेत्री म्हणून जेराल्डीन फिट्झजेराल्ड होती. नायिका तेवढी नव्हती! पहिलं भारतीय ऑस्कर आणणारी बाई खरं तर आपल्या कोल्हापूरची. भानू अथैया, ‘गांधी’ची वेशभूषा, 1983. गंमत म्हणजे त्याच 1983 साली एका चरित्रामुळे मर्लचा मुंबईतला जन्म जगजाहीर झाला. तोवर ती ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर जन्मली असं सगळे धरून चालले होते, कारण स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याने तसं पसरवलं होतं. थाप इतकी मुरली होती की 1978 मध्ये तिथल्या होबार्ट शहराच्या टाउन हॉलमध्ये ‘आपली मुलगी’ म्हणून तिचा सत्कारही झाला.

आता नवऱ्याचा मुद्दा. यात मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण इथे फक्त दोन तारखा शेजारी ठेवायच्या आहेत आणि तेवढेही कष्ट कोणी घेत नाही. अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याशी तिचं लग्न झालं जून 1939 मध्ये. त्याआधी काय काय झालं होतं? 1933 मध्ये ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’, 1934 मध्ये लेस्ली हॉवर्डबरोबर ‘द स्कार्लेट पिंपरनेल’, 1935 चं नामांकन, 1936 मध्ये विल्यम वायलरचा ‘दीज थ्री’, 1938 मध्ये गॅरी कूपरबरोबर ‘द काउबॉय अँड द लेडी’. आणि ज्यासाठी आज तिचं नाव निघतं तो ‘वदरिंग हाइट्स’ एप्रिल 1939 मध्ये थिएटरात लागलाही होता. म्हणजे नवरीच्या अंगाला हळद लागली तेव्हा तिची सर्वोत्तम कामं पडद्यावर येऊन गेलेली होती.

कोर्डाने तिला वर आणलं हे खरंच आहे. लंडनमध्ये किरकोळ भूमिका करणाऱ्या, कधी कॅफेत पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या पोरीला त्याने करारावर घेतलं, नाव दिलं, राणीची भूमिका दिली. पण निर्मात्याने कलाकार हेरणं हा त्या धंद्यातला रोजचा व्यवहार होता. त्याच कोर्डाने तिच्या करारातला वाटा हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन याला विकला, आणि नामांकन मिळवून देणारा चित्रपट गोल्डविनचा होता, ‘वदरिंग हाइट्स’सुद्धा त्याचाच. उलट लग्नानंतर तिने कोर्डासाठी केलेलं काम पाहा. ‘लिडिया’ सोडला तर आज आठवणीने कोण काय काढतं? नवऱ्यामुळे कारकीर्द झाली म्हणण्यापेक्षा लग्नानंतर ती जरा उताराला लागली, असं म्हणणाऱ्याशी मी कमी भांडेन. 1945 मध्ये तर घटस्फोटही झाला.

अपघात मात्र झाला होता. मार्च 1937, लंडन. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग ‘आय, क्लॉडियस’ करत होता, चार्ल्स लॉटन क्लॉडियस, मर्ल मेसालिना. मोटारीच्या अपघातात तिला चेहऱ्याला आणि डोक्याला मार बसला आणि चित्रपट कायमचा बंद पडला. पण तो तसाही धडपणे चालला नव्हता. लॉटनला भूमिका सापडत नव्हती, दिग्दर्शकाशी त्याचं जमत नव्हतं, पैसा पाण्यासारखा चालला होता. विम्याच्या आधाराने गाशा गुंडाळायला नायिकेचा अपघात हे सोयीचं निमित्त ठरलं. बुडाला तो चित्रपट, नायिका नव्हे. ज्या हिशेबाने फॉरवर्ड तिला 1937 मध्येच घरी बसवतो, त्या हिशेबाने ‘वदरिंग हाइट्स’ तिच्या भुताने केला असणार. तिचा शेवटचा चित्रपट ‘इंटरव्हल’ 1973 चा आहे, आणि त्याची निर्मातीही तीच होती. अपघातानंतर छत्तीस वर्षं!

चेहऱ्यावरच्या व्रणांचं काय झालं, ही गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही आणि खरी वाचण्यासारखी तीच आहे. 1944 चा ‘द लॉजर’ करताना छायाचित्रकार होता लुसियन बॅलर्ड. प्रकाश बाजूने आला की त्वचेवरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ओरखडा सावली पाडतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रस्त्यावरचे खड्डे ठळक दिसतात ना, तसंच. बॅलर्डने एक छोटा दिवा कॅमेऱ्यालाच, भिंगाच्या अगदी शेजारी बसवला. प्रकाश समोरून सरळ चेहऱ्यावर गेला की सावल्या पडतात त्या मागे, कॅमेऱ्याला दिसत नाहीत, आणि व्रण विरून जातात. डोळ्यांत चमक येते ती वेगळीच. कोर्डाशी घटस्फोट झाल्यावर त्याच वर्षी मर्लने या बॅलर्डशी लग्न केलं. कॅमेऱ्यावर बसवायच्या त्या दिव्याला अजूनही ‘ऑबी’ म्हणतात, ओबेरॉनवरून.

राहिला आईचा आणि लाजेचा मुद्दा. जिला ती आई समजून वाढली ती शार्लट, मूळची सिलोनची, प्रत्यक्षात तिची आजी होती. जन्मदाखल्यावर आई म्हणून नाव आहे शार्लटच्या मुलीचं, कॉन्स्टन्सचं, आणि मर्ल जन्मली तेव्हा ती स्वतःच पोर होती. सावळ्या शार्लटची पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून ओळख करून दिली जायची, हे अनेकांनी सांगितलंय आणि मी ते धुऊन काढायला बसलेलो नाही. वाईटच आहे ते. पण त्याला फक्त ‘लाज’ म्हणायचं असेल तर तेव्हाची अमेरिका आधी पाहावी. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या शीख माणसाला तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही, असं सांगितलं होतं. हे दार भारतीयांसाठी उघडलं 1946 मध्ये. स्टुडिओंच्या आचारसंहितेत वेगळ्या वर्णांच्या प्रेमसंबंधांना बंदी होती, त्यामुळे गोऱ्या नायकासमोर आशियाई नायिका उभी करायला कोणी धजत नसे. अ‍ॅना मे वाँग ही अभिनेत्री चिनी वंशाची होती आणि तसं उघड सांगत होती. ‘द गुड अर्थ’मधली चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका गेली लुईझ रायनरकडे, आणि रायनरला ऑस्करही मिळालं. मर्लने खरं सांगितलं असतं तर ‘द डार्क एंजल’मधली इंग्रज मुलगी तिला कोणी दिली असती?

‘वदरिंग हाइट्स’ तर या डोळ्यांनी पुन्हा पाहावा. त्यात सावळ्या, बेवारस हीथक्लिफला समजूत म्हणून सांगितलं जातं की तू मूळचा राजपुत्र, तुझी आई भारतातली राणी होती. तो ऑलिव्हिए, सरेमधला इंग्रज. आणि कुलीन गोरी कॅथी कोण, तर मुंबईत जन्मलेली आणि कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटरचं काम केलेली आपली मर्ल.

काही जण फॉरवर्डखाली जोडतात की बाई निव्वळ रूपावर चालली. ती मोठी अभिनेत्री होती असा दावा मीही करणार नाही. बेटी डेव्हिसच्या पंक्तीला ती बसत नाही. पण ‘हेन्री द एट्थ’ काढून पाहा. ती अ‍ॅन बोलीन आहे, शिरच्छेदाची सकाळ आहे. राणी आरशासमोर बसून केस नीट करून घेते आणि विचारते, डोकं पडलं की ही जाळी केस धरून ठेवेल ना? आवाज चढत नाही, डोळे भरत नाहीत. पुढे राजाच्या आणखी चार राण्या येतात, चित्रपट हसतखेळत पुढे जातो. आपण मात्र त्या आरशापाशीच राहतो.