'शिळं म्हणजे विष' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: शिजवून तीन तास झाले की अन्नाचं विष होतं, फ्रिजमधलं अन्न मृत, त्यापेक्षा बाहेर झाकून ठेवलेलं बरं, दुसऱ्यांदा गरम केलं की कॅन्सर, भिजवलेली कणीक आणि चिरलेला कांदा रात्रभर ठेवू नका, उरलेलं गायीला घाला, पुण्य लागेल. यातलं फार थोडं खरं आहे, आणि एक वाक्य तर माणसाला आजारी पाडणारं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

तीन तासांत विष. अन्न घड्याळ बघून बिघडत नाही. ते किती गरम किंवा किती गार ठिकाणी राहिलं, यावर सगळं ठरतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. मंद आचेवर वाफाळत ठेवलेला रस्सा चार तासांनीही चांगला असतो, आणि दोन तासांत थंड करून फ्रिजमध्ये गेलेली भाजी दुसऱ्या दिवशीही. भाकरीचं गणित आणखी वेगळं. ती भाजताना कोरडी होते, म्हणून दुरडीत कपड्याखाली रात्रभर टिकते. सकाळी ताकात कुस्करा किंवा खर्ड्याबरोबर खा, काही होत नाही. फक्त आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत नीट बघून घ्या. हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा मोडून बाकीची खाऊ नका. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात.

फ्रिजपेक्षा बाहेर बरं. हेच ते धोक्याचं वाक्य, आणि त्याचा फटका सगळ्यात जास्त भाताला बसतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. रात्रीचा भात पातेल्यात ओट्यावर राहिला की ते उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. सकाळी त्याच भाताला मोहरी-हिरवी मिरचीची फोडणी दिली तरी ते विष जात नाही, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. वास, चव, रंग काहीच बदलत नाही. खाल्ल्यावर तासाभरात ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. फोडणीचा भात सोडायची गरज नाही, रात्रीची सवय तेवढी बदला. जेवणं आटोपली की भात परातीत पसरा, वाफ गेली की झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्याआधीचा उपाय म्हणजे तांदूळ मोजून घेणं. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, अंदाजाने घातलेली जादा मूठच शेवटी उरते.

रविवारच्या मटणाचंही तसंच. पाच लिटरच्या पातेल्यातला तांबडा रस्सा झाकून ठेवला तर मध्यभागी मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो, आणि दाट रश्शात हवा कमी असल्याने क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंना तेच हवं असतं. तो दोन-तीन बोटं उंचीने पसरट स्टीलच्या डब्यांत ओता, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवा, अधूनमधून ढवळा. अर्ध्या-पाऊण तासात फ्रिजमध्ये जाण्याजोगा होतो. पांढऱ्या रश्शाला मात्र वेगळी युक्ती लागते. नारळाचं दूध लवकर आंबतं आणि जोरात उकळलं की फाटतं. म्हणून मटण शिजवलेलं अळणी पाणी वेगळं ठेवा, आणि त्या वेळी खाणार तेवढ्यातच नारळाचं दूध, खसखस-काजूचं वाटण घाला. उरलेलं अळणी पाणी दुसऱ्या दिवशी खळखळून उकळता येतं, फाटायचा प्रश्नच नाही.

दुसऱ्यांदा गरम केलं की कॅन्सर. भाजी-आमटी पुन्हा गरम केल्याने असं काही होत नाही. गरम करायची ती कडेला बुडबुडे आले की बंद, अशी नाही. मध्यापर्यंत रटरट उकळू द्या. आणि खाणार तेवढीच काढून गरम करा. सगळं पातेलं रोज गरम-गार करत राहिलं की प्रत्येक फेरीत जंतूंना कोमट वेळ मिळतो. तळणाच्या तेलाची गोष्ट वेगळी, बहुधा या अफवेचं मूळ तिथेच असावं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक घटक खरंच साठतात, म्हणून तर एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तेलातल्या अशा घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. वड्यांचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला वापरा, पुन्हा तळणाला नको. फेस येऊ लागला किंवा तेल काळवंडलं तर टाकाच.

कणीक आणि कांदा. कणीक काळपट पडते ती कोंड्यातल्या द्रव्यांचा हवेशी संबंध आल्याने. चिरलेलं वांगं काळं पडतं तसंच. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चपात्या होतात. आंबूस वास आला किंवा चिकट झाली तर नको. कांदा हवेतले जंतू ओढून घेतो, याला आधार नाही. झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, एक-दोन दिवस. पुरे.

गायीला घाला. दोन चपात्यांनी गायीला काही होत नाही. पण लग्नाच्या हॉलमधला टोपलंभर भात, जिलेबी, पुऱ्या एकदम समोर टाकल्या तर पोटात पिष्ट झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं, रवंथ बंद पडतो. जनावर दगावूही शकतं. दुभत्या जनावरांवर संसार चालणाऱ्या या जिल्ह्यात हे पुण्य म्हणून सांगितलं जातं, याचं वाईट वाटतं. बुरशीचं, आंबलेलं किंवा पिशवीत बांधलेलं तर कधीच घालू नका. खाण्याजोगं नसेल त्याचं खत करा: भोकं पाडलेली बादली, एक भाग ओलं, दोन भाग बारीक तोडलेलं उसाचं पाचट किंवा वाळका पाला, आठवड्यातून दोनदा खालवर. वास सुटला तर ओलं जास्त झालंय, पाचट वाढवा. रस्सा आणि हाडं यात नकोत.

हे सगळं करायचं कारण साधं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे, सालं-हाडं धरून. पाच माणसांच्या घरात पावणेतीन क्विंटल!

आणि ज्याबद्दल मेसेज गप्प आहे, ते नक्की फेका: बुरशी लागलेले, सुरकुतलेले, कडवट शेंगदाणे. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, ते भाजून पूर्ण जात नाही, आणि एकदा कूट केलं की चांगलं-वाईट निवडताही येत नाही. त्यामुळे भाजण्याआधी, ताटात पसरून, उजेडात निवडा.