‘पोलेमिक’ आणि ‘पॉलिटिक्स’ भावंडं नाहीत

‘पोलेमिक’ (विरोधी मतावर तुटून पडणारं लेखन) आणि ‘पॉलिटिक्स’ हे दोन्ही शब्द ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे नगर यावरून आले, आणि पोलेमिक म्हणजे आपला वितंडवाद, असा दावा सध्या फिरतो आहे. ‘पॉलिटिक्स’पुरतं ते खरं. ‘पोलेमिक’चं मूळ मात्र ‘पोलेमोस’, म्हणजे सरळसरळ युद्ध. अथेन्समध्ये ‘पोलेमार्क’ हे लष्करी पद होतं, इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईत ते कॅलिमाकसकडे होतं आणि तो तिथेच पडला. इंग्रजीत ‘पोलेमिक’ रुळला तो १७व्या शतकात, धर्मपंथ एकमेकांवर पुस्तिकांच्या फैरी झाडत होते तेव्हा. म्हणजे शब्दाने मूळ काही सोडलं नाही!

राहिला वितंडवाद. न्यायदर्शनाच्या, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या, न्यायसूत्रांतली वितंडेची व्याख्या चोख आहे: स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, फक्त समोरच्याचा खोडायचा. पोलेमिक लिहिणाऱ्याला स्वतःचं मत असतं, तेही भलतंच ठाम. त्याचं खरं जमतं ते न्यायदर्शनातल्या ‘जल्पा’शी. जल्पातही जिंकायचंच असतं, पण आपला पक्ष उघड मांडून.