‘वीस वर्षं ओढल्यावर आता सोडून काय उपयोग?’

सध्या एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: वीस-पंचवीस वर्षं सिगारेट ओढली असेल तर व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय. आता अचानक सोडली तर शरीराला धक्का बसतो, सोडणारेच लवकर जातात. वजन वाढतं ते वेगळंच. त्यापेक्षा दिवसाला दोन-तीनवर या आणि निवांत राहा. नव्वदीपर्यंत ओढत जगलेले आजोबा सगळ्यांनीच पाहिलेत. सूर आपुलकीचा आहे, म्हणून लोक तो पुढे पाठवतात. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘नुकसान होऊन गेलंय.’ हे काही अंशी खरं आहे. एम्फिसिमा या फुप्फुसांच्या आजारात वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती एकदा फाटल्या की पुन्हा उभ्या राहत नाहीत. पण पुढचं नुकसान अजून व्हायचंय, हे संदेश लिहिणारा विसरतो. वयाबरोबर फुप्फुसांची क्षमता सगळ्यांचीच कमी होते; धूर ज्यांना बाधतो त्यांची ती झपाट्याने घसरते. सोडल्यावर गमावलेलं फारसं परत मिळत नाही, पण घसरणीचा वेग न ओढणाऱ्यांच्या जवळपास येतो. पासष्टीनंतर स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येणार की नाही, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं.

हृदयाचा हिशोब याहून बरा आहे. हृदयविकाराचा धूम्रपानामुळे वाढलेला धोका सोडल्यानंतर साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा व्हायला दहाएक वर्षं लागतात.

आणि वय? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1951 मध्ये 34 हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुष डॉक्टरांची पाहणी सुरू केली. तिचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरलं. तिशीत सोडणाऱ्यांची ती जवळपास सगळी दहा वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यांचीही तीन. डॉल स्वतः ओढायचे. याआधीच्या एका संशोधनाचे आकडे समोर येऊ लागले तशी त्यांनी सिगारेट सोडली आणि वयाच्या 92 व्या वर्षापर्यंत जगले. अर्थात एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. नव्वदीच्या आजोबांवरूनही नाही.

‘सोडणारेच लवकर जातात.’ यावर जरा थांबायला हवं, कारण अशी उदाहरणं खरोखर दिसतात: अमक्याने सिगारेट सोडली आणि तीन महिन्यांत कर्करोग निघाला. पण त्याने सोडली कशामुळे? खोकला थांबेना, वजन उतरू लागलं, छातीत दुखायला लागलं म्हणून. फुप्फुसातली गाठ तीन महिन्यांत तयार होत नाही, ती आधीपासून होती. आजारपणामुळे सोडणारे आणि धडधाकट असताना सोडणारे एकाच रकान्यात घातले, तर सोडणं घातक वाटणारच. संशोधकांना हा घोटाळा ठाऊक असतो. ते दोन्ही गट वेगळे काढतात. आणि आजारी माणसांनाही सोडल्याने फायदा होतोच. हृदयविकार आधीच जडलेल्यांच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा 2003 मध्ये घेतला गेला. त्यात सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, ओढत राहिलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

‘अचानक सोडणं धोक्याचं.’ चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही, भूक वाढते. पहिला आठवडा सर्वांत वाईट, मग तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. दारूचं जबर व्यसन असलेल्याने ती एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. निकोटिनचं तसं नाही. खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी, आणि संदेशात नेमकी तीच नाही. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत ठरावीक औषधांचा निचरा लवकर करतं. सिगारेट थांबली की क्लोझापिन (मानसिक आजारावरचं) किंवा थिओफिलिन (दम्यावरचं) यांसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. अशी औषधं चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलून देतील.

‘वजन वाढतं.’ वाढतं खरं, पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. काही वर्षं मधुमेहाचा धोकाही थोडा चढतो. तरीही अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (2018) वजन वाढलेल्यांमध्येही मृत्यूचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा कमीच होता.

‘दोन-तीनवर या.’ वीसवरून एकावर आलं तर धोका विसाव्या हिश्श्यावर येईल असं वाटतं. हृदयाच्या बाबतीत तसं होत नाही: रोज एक ओढणाऱ्याचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा भरतो. थोड्याशा धुरानेही रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. शिवाय मोजक्याच सिगारेटी हाताशी असल्या की माणूस झुरके खोल आणि जास्त घेतो. कमी करत जायचं असेल तर शेवटच्या सिगारेटची तारीख आधी ठरवा. तलफेसाठी निकोटिनचे पॅच आणि च्युइंगम मिळतात, गोळ्या हव्या असतील तर डॉक्टर लिहून देतात.