दिल्लीचं जीपीएस आणि टार्टूचा रनवे

नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीला उतरणाऱ्या काही विमानांचं जीपीएस भलतीच जागा दाखवायला लागलं, तेव्हापासून आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर दोनच प्रश्न फिरतायत, हे केलं कोणी आणि आपलं नाविक, म्हणजे भारताची स्वतःची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा, असताना आपण अमेरिकेच्या जीपीएसच्या भरवशावर का. मी फिनलंडमध्ये राहतो, इथे बाल्टिक समुद्रावर हा त्रास 2022 पासून खूप वाढलाय, पायलटना त्याचं नवलही राहिलेलं नाही, आणि इथून बघताना मला मनापासून वाटतं की आपण भलत्याच प्रश्नावर भांडतोय.

आधी एक घोळ निस्तरू. 7 नोव्हेंबरला दिल्लीत 800 हून जास्त फ्लाइट्स लेट झाल्या त्या जीपीएसमुळे नाही, त्या दिवशी फ्लाइट प्लॅनचे मेसेज कंट्रोलरपर्यंत पोचवणारी सिस्टिम बंद पडली होती आणि ते काम माणसांना हाताने करावं लागलं. स्पूफिंगच्या, म्हणजे खोट्या जीपीएस सिग्नलच्या, तक्रारी त्याच सुमाराला आल्या म्हणून टीव्हीवर दोन्ही एकत्र शिजवलं गेलं, आणि काका-मामांच्या डोक्यात ते तसंच बसलंय.

आता मूळ मुद्दा. जीपीएसचे उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर उंचीवर असतात, तिथून जमिनीपर्यंत येईतो सिग्नल इतका क्षीण होतो की जवळच्या साध्या ट्रान्समीटरनेही तो दबतो, याला जॅमिंग म्हणतात. स्पूफिंग त्याहून वाईट, कारण त्यात सिग्नल असतो पण खोटा, आणि रिसीव्हर तो खरा मानून चालतो. कॉकपिटमध्ये काय होतं बघा, नकाशावरचं विमान एकदम उडी मारून दुसरीकडे जातं, घड्याळाची वेळ बदलते, आणि विमान व्यवस्थित उंचीवर असताना ‘टेरेन, पुल अप’ असा आवाज सुरू होतो, कारण जमिनीची वॉर्निंग देणारी यंत्रणासुद्धा जागा जीपीएसकडूनच घेते. ती वॉर्निंग डोंगराला धडकण्यापासून वाचवण्यासाठी बनवली आहे, आणि ती आठवड्यातून चारदा खोटी वाजायला लागली तर खरी वाजेल तेव्हा पायलट दोन सेकंद विचार करत बसेल, मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. शिवाय काही वेळा खोट्या सिग्नलचा भाग मागे पडल्यावरही रिसीव्हर सावरत नाही, पुढचा सगळा प्रवास जीपीएसविना करावा लागतो.

कंट्रोलरच्या बाजूनेही हेच. एडीएस-बी म्हणजे विमान स्वतःच ‘मी इथे आहे’ असं ओरडून सांगतं, आणि ते ‘इथे’ जीपीएसवरून आलेलं असतं, म्हणजे विमान फसलं की एडीएस-बीपण खोटं बोलणार. जमिनीवरचं रडार मात्र विमानाला स्वतः विचारतं, उत्तर यायला किती वेळ लागला आणि कुठल्या दिशेने आलं यावरून जागा काढतं, त्याला उपग्रहाशी घेणंदेणं नाही. जिथे रडार आहे तिथे कंट्रोलर पायलटला सांगू शकतो की बाबा तू डावीकडे सरकलायस, समुद्रावर जिथे रडार पोचत नाही तिथे हे कोण सांगणार?

नाविकबद्दल मला अभिमान आहे, पण दिल्लीच्या प्रश्नाला ते उत्तर नाहीये. एक तर प्रवासी विमानातले सर्टिफाइड रिसीव्हर जीपीएसवर चालतात, आणि दुसरं म्हणजे नाविकचे उपग्रह तर 36,000 किलोमीटरच्या आसपास आहेत, तिथून येणारा सिग्नलही तितकाच नाजूक. युरोपने आपल्या गॅलिलिओ या उपग्रह यंत्रणेच्या सिग्नलवर जुलै 2025 पासून खरेपणाची डिजिटल सही सुरू केली, त्याने खोटा सिग्नल ओळखता येईल, पण जॅमिंग झालं तर सहीच पोचणार नाही. गगनचंही तेच, इस्रो आणि एअरपोर्ट्स अथॉरिटीने मिळून उभं केलेलं गगन जीपीएसमधल्या चुका दुरुस्त करतं आणि सिग्नल बिघडला तर सेकंदांत इशारा देतं, एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर हे छोटं विमान त्याच्या आधारे राजस्थानात किशनगढला उतरलं, लहान विमानतळांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती वाढलीच पाहिजे. पण ज्याची चूक दुरुस्त करायची तो जीपीएसच गायब झाला तर गगन तरी काय करणार.

आता टार्टू. एस्टोनियातलं हे छोटं विमानतळ, हेलसिंकीहून तासाभराच्या आतलं अंतर. एप्रिल 2024 च्या शेवटी लागोपाठ दोन दिवस फिनएअर या फिनलंडच्या कंपनीची विमानं तिथे न उतरता परत आली, कारण तिथे उतरायच्या पद्धती जीपीएसवरच अवलंबून होत्या. कंपनीने उघड सांगितलं, जीपीएसमध्ये अडथळे येतायत, पर्यायी पद्धत तयार होईपर्यंत महिनाभर फ्लाइट्स बंद. जूनच्या सुरुवातीला सेवा परत सुरू झाली ती जीपीएसची गरज नसलेल्या पद्धतीने. अडथळे थांबले नव्हते, आजही थांबलेले नाहीत. म्हणजे इथे सगळं आलबेल असतं असं अजिबात नाही, श्रीमंत युरोपातही दुसरा पर्याय न ठेवता गाडं चाललंच होतं, ते अंगाशी आल्यावर दुरुस्त केलं.

दिल्लीत नेमकं हेच झालं. संसदेत सरकारने सांगितलं की रनवे 10 कडे जीपीएसच्या पद्धतीने येणाऱ्या विमानांना त्रास झाला, जिथे जमिनीवरची जुनी साधनं चालू होती त्या बाजूंना काही झालं नाही. रनवे 10 चं आयएलएस, म्हणजे जमिनीवरून रेडिओ सिग्नल देऊन विमानाला रनवेवर उतरवणारी यंत्रणा, त्या वेळी अपग्रेडसाठी बंद होतं. हे वाक्य बातम्यांमध्ये कुठेतरी खाली आलं आणि वर मात्र शत्रू देशाचे ग्राफिक्स! अहो, करणारा सापडला तरी उद्या दुसरा येईल, अमेरिकेत तर मालकापासून आपली गाडी लपवायला एका ड्रायव्हरने लावलेल्या जॅमरचा त्रास नेवार्क विमानतळाच्या यंत्रणेला झाला होता. त्याच अमेरिकेने जुने व्हीओआर, म्हणजे विमानाला दिशा दाखवणारे जमिनीवरचे रेडिओ केंद्र, कमी केले खरे, पण जीपीएस गेलं तरी 100 नॉटिकल मैलांच्या (साधारण 185 किलोमीटर) आत त्याच्याविना उतरता येईल असं विमानतळ मिळेल इतकं जाळं मुद्दाम ठेवलं.

भारतानेही असं किमान जाळं राखलंय असं सरकारने सांगितलं, आणि असा प्रकार दिसला की 10 मिनिटांत कळवायचा नियमही डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने केलाय, ही दोन्ही पावलं खरंच चांगली आहेत. पण नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 मध्ये सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, असे 465 प्रकार झाले हे आपल्याला कळलं ते विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांच्या लोकसभेतल्या लेखी उत्तरातून. खासदाराने विचारलं नसतं तर?

म्हणून ग्रुपवरच्या सगळ्यांना माझं सांगणं, खासदारांना विचारायचंच असेल तर हे विचारा की तुमच्या जवळच्या विमानतळावर आयएलएस आणि डीएमई (विमानाला अंतर सांगणारं जमिनीवरचं साधन) चालू आहे का, ते अपग्रेडसाठी काढणार असतील तर किती दिवस, आणि त्या दिवसांत जीपीएस गेलं तर विमान कशाच्या आधारे उतरणार.