अजून तिची हायेत ती

आज सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे बापलेक भेटले. मुलीच्या हातात बुटांचा खोका, खोक्यात टॉवेल, टॉवेलात लॅब्रॅडॉरचं पिल्लू. वाढदिवसाचं सरप्राइज. मी विचारलं, किती दिवसांचं? "पस्तीस! एकदम छोटं मिळालं ताई. लहान आणलं की लळा लागतो ना." तेवढ्यात ते पिल्लू मुलीचं बोट चोखायला लागलं आणि लिफ्टमधले सगळे म्हणाले, किती गोड! अहो, गोड काय, आई शोधतंय ते.

पोरीचा वाढदिवस होता म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

पस्तीस दिवस म्हणजे पाच आठवडे. पिल्लाचे डोळे उघडायलाच दहा ते चौदा दिवस जातात. कान त्याच्याही नंतर. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून. म्हणजे या जिवाला दिसायला-ऐकायला लागून जेमतेम तीन आठवडे झालेत, आणि तेवढ्यात आई गेली, भावंडं गेली, वास गेला, ऊब गेली. का? तर वाढदिवस आज आहे!

माझं आजोळ वाईजवळचं. मी सात-आठ वर्षांची असेन, गोठ्यात चिंगी कुत्री व्याली होती. पांढऱ्या पायांचं एक पिल्लू मी पहिल्या दिवसापासून हेरून ठेवलेलं. रोज सकाळी उठले की आजीच्या मागे भुणभुण, आता घेऊ? आता घेऊ? आजी शेण भरता भरता एकच सांगायची, "अजून तिची हायेत ती. तिनं हुसकली की मग आपली." मला आजी दुष्ट वाटायची. मग एक दिवस पिल्लं प्यायला धावली आणि चिंगी चक्क गुरगुरून उठून गेली. मी रडत आजीकडे. आजी हसायला लागली. दात टोचायला लागले की कुठलीही आई उठणारच, त्याशिवाय पोरं भाकरीकडे वळतात कशी?

तरी आजीनं पिल्लू दिलं नाहीच. म्हणाली, आता जरा एकमेकांचा मार खाऊ देत.

हा मार फार महत्त्वाचा. पिल्लं दिवसभर कुस्ती खेळतात. एकानं जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून जातं. आईच्या शेपटीला लागलं तर ती तोंड दाबून गप्प करते. किती जोरात चावलं की दुखतं हे पिल्लू तिथे शिकतं, पाचव्या ते आठव्या आठवड्यात, फुकट. आणि मग दोन महिन्यांनी हीच माणसं मला मेसेज करतात, "ताई, पप्पी मुलांना फार चावतो, ट्रेनर सांगा ना." ट्रेनर होता की! गोठ्यात, चार पायांवर. तुम्ही त्याच्याकडून पिल्लू काढून आणलंत.

विकणाऱ्यांना हे कळत नाही असं समजू नका. चांगलं कळतं. पाचव्या आठवड्यापासून पिल्लांचं खाणं वाढतं, घाण वाढते, जंताचं औषध, पहिली लस, सगळा खर्च तिथून पुढे वाढत जातो. त्याआधी खपवलं की तो खर्च तुमचा. आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा तो जीवघेणा उलट्या-हगवणीचा आजार, झालाच तर तो तुमच्या घरी होणार, सलाइन तुम्ही लावणार, पोरगी तुमची रडणार. वर "लळा लागतो" हे आहेच, तुमच्याच तोंडी बसवलेलं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा केंद्राचा नियम २०१७ पासून आहे. लस दिल्याशिवाय विकायचं नाही हेही त्यातच आहे. कोण विचारतो? तुम्ही विचारा. "आई दाखवा" म्हणा. आई दाखवायला टाळाटाळ झाली की चप्पल घाला आणि घरी या.

हो, अनाथ पिल्लांचं वेगळं. आई गाडीखाली गेली, पिल्लू कचराकुंडीपाशी सापडलं, तर वय कसलं बघताय, उचला. गाईचं दूध पाजू नका तेवढं, हगवणीनं जाईल. डॉक्टरांकडे पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते. पण हजारो रुपये मोजून आणलेलं पिल्लू अनाथ नव्हतं हो. पैसे देऊन तुम्ही त्याला तसं केलंत.

आणि आता दुसरं टोक. "सगळ्या लशी होऊ देत, चार-पाच महिन्यांचं झालं की आणू." तेही नको. माणसं, स्कूटर, कुकरची शिट्टी, लहान मुलं, हे सगळं साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात बघितलं-ऐकलं तर पिल्लाला ते आपलं वाटतं. नंतर त्याचीच भीती बसते. आजी तेही म्हणायची, "लई थांबलीस तर रानवट व्हतंय." म्हणून आठ ते दहा आठवडे, फार तर बारा. लशी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालू राहतात, तोवर कडेवर घेऊन जग दाखवा, रस्त्यावर सोडू नका. जमतं. शेजाऱ्याचं बाळ कडेवर घेऊन गणपती बघायला जाताच ना?

गावठी पिल्लांचा हिशेब तर किती सरळ. कुत्र्यांच्या भाद्रपदावरून आपण विनोद करतो, पण मोजा कधी. भाद्रपदानंतर साधारण त्रेसष्ट दिवस, म्हणजे पिल्लं कार्तिकाच्या आसपास. त्यापुढे दोन महिने, म्हणजे संक्रांत. थंडीत आईजवळ, तिळगुळाला तुमच्या घरी.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो माणूस वाईट नाहीये. मुलीनं वर्षभर हट्ट केला असेल, त्यानं पैसे साठवले असतील, आणि दुकानात कोणी खरं सांगितलं नसेल. संध्याकाळी वर जाऊन आले. आजच डॉक्टरांना दाखवा म्हटलं, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भिजवलेलं खायला द्या, रात्री एकटं गॅलरीत ठेवू नका, रडलं तर जवळ घ्या. आमचा शेरू म्हातारा आहे, त्याच्या लशी वेळच्या वेळी होतात आणि पोरासोरांचं तो सहन करतो. त्याला रोज तासभर वर पाठवणार आहे. आईची जागा नाही भरून निघणार, पण चावल्यावर गुरगुरायला तरी कोणी हवं. मुलगी म्हणाली, रात्री पिल्लू माझ्याजवळ झोपेल. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पांढऱ्या पायांचं ते पिल्लू मला शेवटी मिळालं तेव्हा आजीनं चिंगीच्या अंगाखालचं गोणपाट फाडून त्याचा तुकडा माझ्या हातात दिला होता. "ह्याच्यावर निजव." त्या वासावर ते पहिल्या रात्री झोपलं. आता महागड्या बेडच्या जाहिराती येतात. ब्रीडरकडून आणा नाहीतर रस्त्यावरून, आईच्या अंगाचा वास लागलेलं एक फडकं मागून आणा. फुकट मिळतं.

तर, कामाचं. आमच्या गेटबाहेर इस्त्रीच्या टपरीमागे चार पिल्लं आहेत. दोन काळी, एक पिवळसर, एक ठिपक्यांचं. आई तब्येतीनं चांगली आहे. पिल्लं आज बरोबर पाच आठवड्यांची आहेत, त्या खोक्यातल्याएवढीच. ज्यांना हवंय त्यांनी इनबॉक्समध्ये नाव सांगून ठेवा, जंताचं औषध आणि पहिली लस आम्ही करून देऊ. संक्रांतीनंतरच मिळतील. आधी न्यायला येऊ नका. इस्त्रीवाले मामा माझ्याहून कडक आहेत, काल एकाला हाकलून दिलंय.