‘गुलमर्गला कुकर घेऊन जा’ : या फॉरवर्डमध्ये काय काय चुकीचं आहे

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपच्या ट्रॅव्हल ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांसाठी ‘महत्त्वाची सूचना’ म्हणून. सांगणं थोडक्यात असं : तिथे शाकाहारी माणसाचे हाल होतात, साध्या मॅगीलाही लुटतात, म्हणून कुकर, इंडक्शन, डाळ-तांदूळ घरून न्या, ते जमत नसेल तर तिन्ही वेळच्या जेवणाचं पॅकेज घ्या, आणि दुपारचं जेवण टाळा, म्हणजे पैसेही वाचतात आणि अंगही हलकं राहतं. पहिल्यांदाच बर्फात निघालेली माणसं हे वाचून घाबरतात आणि बॅगेत लोकरी मोज्यांच्या जागी तांदूळ भरतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

शाकाहाराचा मुद्दा आधी, कारण तोच सगळ्यात चुकीचा आहे. गुलमर्गच्या बाजारात, टॅक्सी स्टँडच्या आसपास जे ढाबे आहेत तिथे राजमा-चावल, आलू पराठा, दाल तडका, जीरा राइस, पनीर हे सगळं सर्रास मिळतं. पाटीवर ‘वैष्णो’ दिसलं की समजावं, आत मांस-मच्छी शिजत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये शुद्ध शाकाहारी ढाब्यांची ओळख याच शब्दाने असते. आणि पंजाबी जेवणावरच थांबायचं कारण नाही. काश्मिरी स्वयंपाकात शाकाहारी पदार्थ भरपूर आहेत : हाख नावाची पालेभाजी, दह्याच्या रश्शातली कमळकाकडी म्हणजे नदरू यखनी, चामन म्हणजे पनीर, बडीशेप आणि सुंठ घातलेला दम आलू. काश्मिरी पंडितांच्या पारंपरिक स्वयंपाकात तर कांदा-लसूणही नसतो. मेनूत हे पदार्थ दिसले नाहीत तरी विचारा. सकाळी सांगून ठेवलं तर संध्याकाळी करून देणारे भेटतात.

नाश्त्यासाठी मी प्रत्येकाला कांदुराचं दुकान सुचवते. कांदूर म्हणजे तंदुरात रोट्या भाजणारा काश्मिरी नानबाई. गुलमर्गच्या खाली 13 किलोमीटरवर टंगमर्ग आहे, तिथे सकाळी त्याचा तंदूर पेटलेला असतो. तो कणकेचा गोळा थापतो, बोटांनी त्यावर लांब रेघा ओढतो आणि हात आत घालून तंदुराच्या भिंतीवर चिकटवतो. काही मिनिटांत आकड्याने ओढून काढलेला गरम गिर्दा, म्हणजे ही गोल रोटी, कागदात गुंडाळून हातात येतो. लोण्याबरोबर दोन खाल्ले की सकाळ निघते, आणि हॉटेलच्या बुफेशी तुलना केली तर खर्च अगदीच किरकोळ. दुपारनंतर चोचवोर, म्हणजे तीळ लावलेला पाव, मिळतो, तो नून चायबरोबर खातात. नून चाय गुलाबी आणि खारट असते, त्यामुळे पहिल्या घोटाला आपण दचकतो. पण थंडीत ती फार बरी वाटते.

मांसाहारींसाठी एकच सूचना. वाझवान, म्हणजे काश्मिरी मटणाच्या पदार्थांची मेजवानी, गुलमर्गच्या हॉटेलात मागवू नका, श्रीनगरसाठी राखून ठेवा. तिथे ते चौघांत एका मोठ्या ताटात, त्रामीत, वाटून खाता येतं. हिवाळ्यात श्रीनगरच्या जुन्या शहरात पहाटे हरिसा मिळतो. तांदूळ घालून रात्रभर शिजवून घोटलेलं मटण, वजनावर विकतात, सोबत गिर्दा. उशिरा गेलात तर भांडं रिकामं झालेलं असतं.

आता ‘लुटतात’ हा शब्द. मला तो खटकतो, कारण तो लिहिणाऱ्याने गुलमर्गला सामान कसं पोहोचतं ते पाहिलेलं नाही. गाव साधारण 2,650 मीटर उंचीवर आहे. बर्फ पडलं की साध्या गाड्या टंगमर्गलाच थांबतात. पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच चढतात. गॅसचा सिलिंडर, बटाट्याचं पोतं, दूध, सगळं त्याच रस्त्याने येतं. दर श्रीनगरपेक्षा चढे असणारच. फॉरवर्डसोबत ज्या मॅगीच्या बिलाचा फोटो फिरतो ते बहुतेक कोंगडूरीचं असतं. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, हा पहिला टप्पा गावापेक्षाही चारेकशे मीटर वर आहे आणि तिथला दर सगळ्या गुलमर्गला लावून मोकळं होणं बरोबर नाही. नवशिक्यांचा सराव खाली, गावाजवळच्या सौम्य उतारांवर चालतो. त्यांना जेवायला गोंडोलाने वर जायची गरजच नाही. बाजारातल्या ढाब्यावर साधारण दोन-तीनशे रुपयांत राजमा-चावल पोटभर होतो.

हॉटेलच्या बिलाबाबत मात्र सावध राहा, हे फॉरवर्डमध्ये नाही आणि असायला हवं होतं. मेनूतले दर करासह आहेत का, हे बसण्याआधी विचारा. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दुकानातून घेतलेल्या बिस्किटांवर किंवा पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका.

कुकर-इंडक्शनचा सल्ला तर धोक्याचा आहे. तिथली बरीच हॉटेलं लाकडी बांधणीची. खोलीत हीटर, वर इलेक्ट्रिक ब्लँकेट, आणि त्यात तुमचं इंडक्शन. वीज ट्रिप झाली तर कुडकुडाल, वायर तापली तर त्याहून वाईट. काहीजण कॅम्पिंगचा छोटा गॅस न्यायला सांगतात. तो विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये. शिवाय उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने गुलमर्गात पाणी साधारण 91 अंशांनाच उकळतं. म्हणजे कुकर टाळून नुसतं पातेलं नेलं तरी डाळ तासन्‌तास शिजत नाही, आणि थर्मासमधलं पाणी ओतून करायच्या पोह्या-उपम्याच्या पाकिटांत कण कच्चे राहू शकतात. न्यायचंच असेल तर शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, डिंकाचे लाडू न्या. चिक्की नको, थंडीत ती दगडासारखी होते.

तिन्ही जेवणांचं पॅकेज घेतलं की दुपारी उतार सोडून हॉटेलवर परतावं लागतं, नाहीतर पैसे भरलेलं जेवण वाया जातं. दिवसाचे मधले, उन्हाचे तास त्यातच जातात. त्यापेक्षा नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच धरलेलं, एजंटांच्या भाषेत ‘एमएपी’, पॅकेज घ्या. जानेवारीत सहाच्या सुमारास अंधारतं. त्यानंतर बर्फातून ढाबा शोधत फिरण्यापेक्षा रात्री हॉटेलात जेवणंच योग्य. सरकारी संस्थांच्या निवासी स्कीइंग कोर्समध्ये राहणं-जेवण फीमध्येच धरलेलं असतं. शिकणं हाच हेतू असेल तर आधी तिथल्या तारखा बघा.

राहिला दुपारी उपाशी राहायचा सल्ला. हा वाचून मला खरंच राग येतो, कारण तो पालक लहान मुलांवर चालवतात. नवशिका दिवसभर पडतो, उठतो, चढ चढतो, आणि ऊब टिकवण्यासाठीही शरीराची शक्ती खर्ची पडत असते. रिकाम्या पोटी पाय थरथरतात, लक्ष उडतं आणि गुडघा मुरगळतो तो अशाच वेळी. कोरड्या थंड हवेत तहान कळत नाही, म्हणून पाणीही आठवणीने प्यावं लागतं. बाटली जॅकेटच्या आत ठेवा, बाहेर गोठते. मुलांच्या खिशात सुका मेवा द्या. मूल गप्प झालं किंवा कुडकुडायला लागलं तर इन्स्ट्रक्टरची वेळ संपायची वाट न बघता स्की काढा, त्याला ढाब्यावर शेकोटीजवळ बसवा, गरम काहीतरी पोटात जाऊ द्या. उरलेला धडा उद्या.